संदर्भनाम आणि संदर्भक्रमांक : औषधनिर्मितीच्या दीर्घ दस्तऐवजांतील परस्पर-निर्देशांची शिस्त

'लेबल' हा शब्द उच्चारताच औषधनिर्मात्याच्या डोळ्यांपुढे बाटलीवर चिकटविलेला कागद उभा राहतो. त्या कागदावर काय छापावे याविषयी कायदा स्पष्ट आहे आणि त्याची चर्चाही आपल्या व्यवसायात पुष्कळ होते. दस्तऐवजाच्या आतही एक प्रकारचे लेबल असते. मास्टर फॉर्म्युल्याच्या पानावर 'वत्सनाभ ४.४ प्रमाणे शुद्ध करून घ्यावा' असे आपण लिहितो, तेव्हा '४.४' हे शोधनप्रक्रियेला लावलेले लेबलच होय. एका ठिकाणी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी पुन्हा न लिहिता केवळ तिच्याकडे बोट दाखविणे, एवढेच त्याचे काम. हे बोट चुकीच्या दिशेला वळले तर काय होते आणि ते वळू नये म्हणून नाव व क्रमांक कसे द्यावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

प्रश्नाचे स्वरूप

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत उत्तम निर्मितीप्रथांसंबंधीचे 'परिशिष्ट टी' २००० साली अंतर्भूत झाले आणि २००३ साली ते सुधारण्यात आले. तेव्हापासून आपल्या फार्मसींतील लिखाण झपाट्याने वाढले आहे. पूर्वी एका वहीत मावणारे पाठ आता मास्टर फॉर्म्युला, प्रमाणित कार्यपद्धती, कच्च्या द्रव्यांची मानके, परीक्षणपद्धती, बॅच रेकॉर्ड अशा अनेक भागांत विभागले गेले आहेत. मध्यम आकाराच्या फार्मसीतही हे लिखाण शेकडो पानांचे होते. प्रत्येक भाग दुसऱ्या भागाचा आधार घेतो, आणि म्हणून या सर्व पानांमध्ये निर्देशांचे एक जाळे तयार होते.

हे जाळे कसे बिघडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका फार्मसीच्या संहितेत चौथे प्रकरण शोधनाचे आहे आणि त्यात द्रव्ये अकारविल्हे लावली आहेत : ४.१ कुपीलू, ४.२ गंधक, ४.३ टंकण, ४.४ वत्सनाभ, ४.५ हिंगुळ. त्रिभुवनकीर्ती रसाच्या पानावर लिहिले आहे : 'टंकण ४.३, वत्सनाभ ४.४ व हिंगुळ ४.५ प्रमाणे शुद्ध घ्यावा.' सर्व काही बरोबर आहे. पुढील वर्षी फार्मसीने भल्लातकाचा एक योग सुरू केला. भल्लातक-शोधनाचे नवे कलम वर्णानुक्रमाने वत्सनाभाच्या आधी घालण्यात आले. आता ४.४ म्हणजे भल्लातक, ४.५ म्हणजे वत्सनाभ आणि ४.६ म्हणजे हिंगुळ झाले. त्रिभुवनकीर्तीचे पान मात्र कोणी उघडले नाही, कारण त्या योगात काहीच बदल नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जो निर्देश तुटतो, तो फारसा घातक नसतो. ४.९ पाहा असे लिहिले आहे आणि ४.९ अस्तित्वातच नाही, तर कामगार थांबतो, विचारतो. आपल्या उदाहरणातील निर्देश तुटलेला नाही. तो एका खऱ्या, व्यवस्थित लिहिलेल्या, स्वाक्षरी असलेल्या कलमाकडे नेतो, फक्त ते कलम दुसऱ्याच द्रव्याचे आहे. हिंगुळासाठी ४.५ उघडणाऱ्याला गोमूत्रात भिजवून उन्हात ठेवण्याची रीत दिसेल, तेव्हा जुना जाणता माणूस चटकन सावध होईल. परंतु वत्सनाभासाठी ४.४ उघडणाऱ्या नवख्या माणसाला भल्लातकाचे शोधन दिसेल. दोन्ही द्रव्ये विषारी गणलेली, दोन्हींच्या शोधनात गोमूत्राचा वापर प्रचलित. शीर्षकाकडे दुर्लक्ष करून केवळ कृती वाचणाऱ्याला संशय येण्याचे कारण उरत नाही. वत्सनाभ, भल्लातक व हिंगुळ ही तिन्ही द्रव्ये नियमावलीच्या परिशिष्ट ई(१) मधील विषद्रव्यांच्या यादीत आहेत, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको. अपुऱ्या किंवा चुकीच्या शोधनाचा परिणाम रुग्णाच्या हृदयगतीपर्यंत पोहोचतो, आणि त्याचे मूळ मात्र टंकलेखनाच्या टेबलावर असते.

प्राचीनांची व्यवस्था

परस्पर-निर्देश ही काही आधुनिक कार्यालयांची निर्मिती नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ६५ व्या अध्यायात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांतील अतिक्रांतावेक्षण म्हणजे मागे सांगितलेल्या विषयाकडे निर्देश आणि अनागतावेक्षण म्हणजे पुढे येणाऱ्या विषयाकडे निर्देश. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील १२ व्या अध्यायात तंत्रयुक्तींची संख्या ३६ आहे. शास्त्रग्रंथ रचताना मागे-पुढे बोट दाखविणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, अशी आपल्या आचार्यांची धारणा होती.

हे निर्देश ते कशाच्या आधारे करीत? मुख्यतः नावाच्या आधारे. चरकाच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात ५० महाकषाय आहेत. प्रत्येकाला जीवनीय, बृंहणीय, लेखनीय असे कर्मवाचक नाव आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील ३८ व्या अध्यायात ३७ गण आहेत. त्यांना विदारिगंधादि, आरग्वधादि अशी पहिल्या द्रव्यावरून नावे दिली आहेत. पुढे चिकित्सेत एखाद्या गणाची आवश्यकता पडली की केवळ नाव घेतले जाते. द्रव्यांची यादी पुन्हा द्यावी लागत नाही. 'अमुक अध्यायातील सातवा गण' असे म्हणण्याची वेळ येत नाही. अध्यायांनाही दीर्घंजीवितीय, अपामार्गतंडुलीय अशी त्यांच्या आरंभीच्या शब्दांवरून किंवा विषयावरून नावे आहेत.

नावाने केलेल्या निर्देशाचे बळ किती, याचा पुरावा चरकाच्या चिकित्सास्थानातच आहे. या स्थानात ३० अध्याय आहेत. पहिल्या आठ अध्यायांच्या क्रमाविषयी मतभेद नाही. त्यापुढील क्रम मात्र मुंबई व कलकत्ता येथील मुद्रित परंपरांत वेगळा आहे. मुंबईच्या निर्णयसागर प्रतीत अर्शचिकित्सित १४ वे आहे. कलकत्ता परंपरेत ते नववे येते. एखाद्या जुन्या लेखात केवळ 'च. चि. ९' असा संदर्भ असेल, तर एका प्रतीत उन्माद व दुसऱ्या प्रतीत अर्श निघेल. 'चरक, अर्शचिकित्सित' असा संदर्भ असेल, तर कोणतीही प्रत घेतली तरी वाचक योग्य ठिकाणीच पोहोचेल. अध्यायांचा क्रम बदलला तरी त्यांची नावे टिकली, हा धडा आपल्या फार्मसीच्या संहितेलाही जसाच्या तसा लागू पडतो.

नाम आणि क्रमांक यांची कामे

यावरून क्रमांक टाकाऊ ठरतात असे मात्र नाही. तीनशे पानांच्या दस्तऐवजात 'वत्सनाभ-शोधन पाहा' एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याने ते कोठे शोधावे? जागा दाखविण्याचे काम क्रमांक उत्तम करतो. ओळख पटविण्याचे काम त्याच्यावर टाकले की घोटाळा होतो. म्हणून ज्या ज्या कलमाकडे, सारणीकडे अथवा आकृतीकडे निर्देश करावयाचा आहे, तिला दोन गोष्टी द्याव्यात : एक कायमचे संदर्भनाम आणि एक संदर्भक्रमांक. नाम ती वस्तू काय आहे ते सांगते व कधीही बदलत नाही. क्रमांक ती सध्या कोठे आहे ते सांगतो व प्रसंगी बदलू शकतो.

छापील पानावरील निर्देशात दोन्ही यावेत. 'वत्सनाभ-शोधन (४.५, पृ. ५१) पाहा' असे लिहिले असता, क्रमांक जुना राहिला तरी नाव व क्रमांक यांचा मेळ बसत नाही आणि चूक आपोआप उघडी पडते. धनादेशावर रक्कम अंकांत व अक्षरांत लिहिण्यामागे हेच तत्त्व आहे. दोन ठिकाणी लिहिण्याचे थोडे श्रम पडतात, परंतु विषद्रव्यांच्या बाबतीत ते श्रम अनिवार्य मानावेत असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

नामकरणाचे नियम

१. नाव वस्तूवरून द्यावे, जागेवरून देऊ नये. 'प्रकरण-४-तिसरी-सारणी' हे नाव म्हणजे वेष बदललेला क्रमांकच. सारणी दुसरीकडे गेली की ते खोटे ठरते. 'भावना-त्रिभुवनकीर्ती' हे नाव सारणी कोठेही गेली तरी खरे राहते.

२. नावाच्या आरंभी प्रकार सांगावा. शोधन, मारण, भावना, योग, परीक्षण, सारणी, आकृती असे मोजके प्रकार ठरवून घ्यावेत आणि त्याबाहेर जाऊ नये. 'शोधन-वत्सनाभ', 'परीक्षण-वत्सनाभ' व 'द्रव्य-वत्सनाभ' या तीन भिन्न गोष्टी आहेत हे पाहताक्षणी कळते, आणि यादी लावली असता सर्व शोधने एकत्र येतात.

३. जेथे एकाहून अधिक विधी प्रचलित आहेत तेथे भेद दाखविणारे पद जोडावे. वत्सनाभाचे शोधन गोमूत्रात करतात तसेच गोदुग्धातही करतात. फार्मसीत दोन्ही विधी असतील तर 'शोधन-वत्सनाभ-गोमूत्र' व 'शोधन-वत्सनाभ-गोदुग्ध' अशी नावे द्यावीत. आज एकच विधी असला तरी भेदक पद आरंभापासूनच जोडणे शहाणपणाचे, म्हणजे उद्या दुसरा विधी आला असता पहिल्याचे नाव बदलावे लागत नाही.

४. 'नवीन', 'सुधारित', 'अंतिम' ही पदे नावात कदापि नसावीत. आजचे नवीन पुढील वर्षी जुने होते आणि मग 'नवीन-२', 'अंतिम-सुधारित' अशी विचित्र नावे जन्माला येतात.

५. पर्यायनामे टाळावीत, एका द्रव्याचे एकच नाव ठरवावे. आपल्या निघंटूंची पर्यायसंपत्ती हे वैभव आहे, परंतु संदर्भनामात ती संकट ठरते. 'अमृता' म्हणजे गुडूची; हाच शब्द हरीतकीसाठीही येतो; आणि रसग्रंथांत 'अमृत' हा वत्सनाभाचाही पर्याय आहे. 'शोधन-अमृत' असे नाव कोणी दिले तर त्यातून काय अनर्थ संभवतो याची कल्पना सहज करता येईल. भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत व फार्माकोपियात मुख्य नाव म्हणून जे घेतले आहे, तेच संदर्भनामासाठी घ्यावे.

६. 'आदि' ने संपणाऱ्या योगनामांना ग्रंथाचे पद जोडावे. चंदनादि, रास्नादि, पिप्पल्यादि या नावांचे एकाहून अधिक पाठ निरनिराळ्या ग्रंथांत, किंबहुना एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या अधिकारांत आढळतात. केवळ 'योग-चंदनादि' असे नाव दोन पाठांना लागू पडेल, आणि दोन वस्तूंना एकच नाव असणे हा नामकरणातील सर्वांत मोठा दोष होय.

७. लेखनपद्धती एकच ठेवावी. 'गंधक' व 'गन्धक' हे आपल्या डोळ्यांना एकच शब्द आहेत. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. 'हिंगुळ' की 'हिंगुल', 'गुग्गुळ' की 'गुग्गुलु', हे आरंभीच ठरवावे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात असे भेद विशेष आढळतात. एका रूपाचा शोध घेतला असता दुसऱ्या रूपातील निर्देश सापडत नाहीत व ते दुरुस्तीविना राहतात.

८. रद्द झालेले नाव दुसऱ्या वस्तूला देऊ नये. जुन्या कागदपत्रांत ते नाव जिवंतच असते.

क्रमांकनाचे नियम

क्रमांकांविषयी पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. ४.३.२.१.५ असे क्रमांक शास्त्रीय दिसतात, परंतु बोलताना, दूरध्वनीवर सांगताना अथवा बॅच रेकॉर्डमध्ये उतरवून घेताना त्यांतील एखादा अंक हमखास गळतो. आमच्या मते तीन पातळ्या पुरेशा आहेत. त्याहून अधिक लागत असतील तर प्रकरणाचेच विभाजन करावे.

दुसरा प्रश्न मालिकांचा. कलमे, सारण्या व आकृत्या यांच्या मालिका स्वतंत्र असाव्यात आणि निर्देशात मालिकेचे नाव अवश्य असावे. नुसते '४.२ पाहा' असे लिहिले तर कलम ४.२ की सारणी ४.२, हे वाचणाऱ्याने तर्काने ठरवावे लागते. सारण्यांना सलग क्रमांक देण्यापेक्षा प्रकरणवार क्रमांक देणे सोयीचे, कारण एका प्रकरणात भर पडली तरी इतर प्रकरणांतील क्रमांक हलत नाहीत. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीची रचना याच तत्त्वावर आहे. तिच्या पहिल्या भागात कल्पप्रकारानुसार विभाग आहेत. अवलेह व पाक तिसऱ्या विभागात, चूर्णे सातव्या विभागात. योगाचा क्रमांक विभागाच्या अंकापुढे येतो, म्हणून '७ : ' असा आरंभ पाहताच तो योग चूर्णाचा आहे हे जाणकाराला कळते.

तिसरा प्रश्न पुनरारंभाचा. जेथे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो, ती पातळी निर्देशात आलीच पाहिजे. चरकाच्या चिकित्सास्थानातील रसायन व वाजीकरण या पहिल्या दोन अध्यायांचे प्रत्येकी चार पाद आहेत आणि प्रत्येक पादात श्लोकांचे क्रमांक नव्याने सुरू होतात. म्हणून च्यवनप्राशाचा संदर्भ 'चि. १/६२' असा लिहून भागत नाही, 'चि. १-१/६२' असा पादासह द्यावा लागतो. आपल्या दस्तऐवजात दर प्रकरणात सारणी १ पासून सुरू होत असेल, तर 'सारणी १' हा निर्देश अपूर्णच आहे.

चौथा व सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मध्ये भर घालण्याचा. मसुदा तयार होत असेपर्यंत क्रमांक हवे तसे बदलावेत. परंतु जबाबदार व्यक्तीच्या स्वाक्षऱ्या होऊन दस्तऐवज अमलात आला की त्यानंतर क्रमांक सरकवू नयेत. या बाबतीत कायद्याची पद्धत अनुकरणीय आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात आयुर्वेदीय औषधांसाठी तरतूद करताना चौथ्या प्रकरणाला पाचवे केले नाही. 'प्रकरण चार-अ' घातले गेले. कलम ३३ नंतरच्या नव्या कलमांनाही ३३ या अंकापुढे अक्षरे जोडलेली आहेत. नियमावलीत १५८-ब हा नियम २०१० साली आला तेव्हा नियम १५९ आपल्या जागीच राहिला. कारण उघड आहे : असंख्य परवाने, आदेश, निवाडे व अर्ज त्या क्रमांकांचा आधार घेऊन उभे आहेत. आपल्या फार्मसीतील बॅच रेकॉर्डही असेच उभे असतात. भल्लातकाचे कलम ४.३ नंतर '४.३क' म्हणून घातले असते, अथवा वर्णानुक्रमाचा हट्ट सोडून शेवटी ४.६ म्हणून जोडले असते, तर वरील उदाहरणातील गोंधळ उद्भवलाच नसता. तसेच एखादे कलम रद्द केले तर क्रमांक राखून त्यापुढे 'वगळले' असे लिहावे. मागील कलमे पुढे ओढून जागा भरू नये.

एक लहानशी सूचना. मालिकेत नऊपेक्षा अधिक नोंदी येण्याचा संभव असेल तर ००१, ००२ असे समान लांबीचे अंक वापरावेत. अन्यथा संगणकावरील यादीत १ नंतर १०, ११ व मग २ असा क्रम लागण्याचा संभव असतो. अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हेही एकदाच ठरवावे. एकाच संहितेत दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

आवृत्ती आणि बॅच

नावात आवृत्ती नसावी असे आम्ही वर म्हटले. येथे एक अपवाद नीट समजून घ्यावा. मास्टर फॉर्म्युला हा चालू दस्तऐवज आहे. त्याने नेहमी शोधनाच्या सध्याच्या मान्य विधीकडेच बोट दाखवावे. म्हणून तेथे 'शोधन-वत्सनाभ-गोमूत्र' एवढेच नाव योग्य. बॅच रेकॉर्ड हा घडून गेलेल्या कृतीचा पुरावा आहे. त्या दिवशी कोणत्या विधीने काम झाले ते त्यात कायम राहिले पाहिजे. म्हणून तेथे 'शोधन-वत्सनाभ-गोमूत्र, आवृत्ती ३' असे आवृत्तीसह आणि अंमलाच्या दिनांकासह लिहावे. पुढे एखाद्या बॅचविषयी तक्रार आली, तर तपासणाऱ्याला जुनी आवृत्ती काढून नेमके काय घडले ते पाहता येईल. त्यासाठी जुन्या आवृत्तींची एकेक प्रत 'रद्द' असा शिक्का मारून जपून ठेवणे ओघानेच आले.

ग्रंथसंदर्भांचे संक्षेप

नियम १६१ नुसार औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांच्या यादीबरोबर प्रमाणग्रंथातील पाठाचा व अधिकरणाचा निर्देश अपेक्षित आहे. म्हणजे दस्तऐवजातील संदर्भ शेवटी बाटलीवरील लेबलापर्यंत पोहोचतो. तो संक्षेपाने लिहिताना घोटाळा होण्यास पुष्कळ वाव आहे. 'सु.' म्हणजे सुश्रुत व 'सू.' म्हणजे सूत्रस्थान. दोहोंत केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. 'शा.' म्हणजे शारीरस्थान की शार्ङ्गधर? 'र.' ने आरंभ होणारे रसग्रंथ तर कित्येक आहेत. 'अ. हृ.' व 'अ. सं.' यांत घाईघाईने लिहिणाऱ्याकडून अदलाबदल होणे अवघड नाही.

यावर उपाय सोपा आहे. ग्रंथाचा संक्षेप किमान दोन पदांचा असावा : 'शा. सं.', 'भै. र.', 'यो. र.' याप्रमाणे. स्थानाचा संक्षेप ग्रंथानंतरच यावा, एकटा कधीही येऊ नये. सर्व संक्षेपांची एक यादी दस्तऐवजाच्या आरंभी द्यावी व तीत प्रकाशक आणि आवृत्ती यांचा उल्लेख करावा. फार्माकोपियातील परीक्षणांचा निर्देश करतानाही हेच पथ्य पाळावे. एकूण भस्म, आम्लात अविद्राव्य भस्म इत्यादी परीक्षणांसाठी तेथे परिशिष्टांचे २.२.३, २.२.४ असे क्रमांक दिलेले असतात. आपण तो क्रमांक उतरवून घेताना भाग, खंड व परीक्षणाचे नाव ही तिन्ही सोबत लिहावीत.

संगणकाचे साहाय्य आणि त्याची मर्यादा

आज बहुतेक फार्मसींत हे लिखाण संगणकावर होते. वर्डसारख्या प्रणालीत शीर्षकांना क्रमांक देण्याची व त्यांच्याशी जोडलेला निर्देश घालण्याची सोय आहे. ती वापरावी, हाताने '४.४' टंकित करू नये. हाताने लिहिलेला अंक म्हणजे केवळ अक्षरे. शीर्षकाचा क्रमांक बदलला तरी ती बदलत नाहीत. जोडलेला निर्देश अद्ययावत करता येतो. मात्र तो सर्व वेळी आपोआप होत नाही : संपूर्ण मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबावी लागते, आणि तरीही पानाच्या शीर्षभागातील व चौकटींतील निर्देश वेगळे तपासावे लागतात. जुने शीर्षक पुसून नवे टंकित केले तर त्याला जोडलेली खूणही पुसली जाते आणि निर्देशाच्या जागी त्रुटीचा संदेश येतो. म्हणून शीर्षकाच्या आत जाऊन शब्द बदलावेत, संपूर्ण ओळ काढून टाकू नये.

स्वतः नाव देऊन खूण करावयाची असल्यास 'बुकमार्क' वापरतात. त्याचे नाव अक्षराने सुरू व्हावे लागते, ४० अक्षरांच्या आत असावे लागते व त्यात रिकामी जागा चालत नाही. पदे जोडण्यासाठी अधोरेषा वापरावी. ग्रंथलेखनासाठी लेटेक् वापरणाऱ्या अभ्यासकांना तर नाम व क्रमांक यांची फारकत मुळातच मिळते : लेखक केवळ नाव लिहितो, क्रमांक प्रणाली देते, आणि नाव सापडले नाही तर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटतात.

परंतु यंत्र एवढेच पाहते की निर्देशाला लक्ष्य आहे किंवा नाही. ते लक्ष्य योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही. लेखकानेच वत्सनाभाच्या जागी भल्लातकाची खूण निवडली, तर संगणक ती वर्षानुवर्षे निष्ठेने अद्ययावत करीत राहील.

संदर्भ-नोंदवही आणि पडताळणी

म्हणून शेवटचा भरवसा नोंदवहीवर व माणसाच्या डोळ्यांवर. प्रत्येक फार्मसीने एक संदर्भ-नोंदवही ठेवावी. तीत पाच रकाने पुरेत : संदर्भनाम, थोडक्यात वर्णन, सध्याचा क्रमांक, ज्या ज्या ठिकाणी निर्देश आहे ती ठिकाणे, आणि अंमलाचा किंवा रद्द झाल्याचा दिनांक. यांतील चौथा रकाना सर्वांत मोलाचा आहे. एखाद्या शोधनविधीत बदल करावयाचा झाल्यास कोणकोणते योग तपासावे लागतील, हे तो रकाना एका दृष्टिक्षेपात सांगतो. वत्सनाभापुढे त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव आदी योगांची नावे लिहिलेली असतील, तर ती पाने उघडावयाची राहून जाणार नाहीत.

नवी आवृत्ती स्वाक्षरीसाठी ठेवण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. एक, कोणतेही नाम दोनदा आलेले नाही ना. दोन, प्रत्येक निर्देशाला त्याचे लक्ष्य आहे ना. तीन, ज्याकडे कोणीही निर्देश करीत नाही असे कलम उरले आहे काय. असल्यास एक तर ते अनावश्यक आहे किंवा कोठेतरी निर्देश राहून गेला आहे. चार, परिशिष्ट ई(१) मधील द्रव्यांचे सर्व निर्देश दोन व्यक्तींनी मिळून तपासावेत. एकाने योगाचे पान मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने निर्दिष्ट पान उघडून तेथील शीर्षक व पहिली ओळ वाचून दाखवावी. यातील दुसरी व्यक्ती लेखनात सहभागी नसलेली असावी. स्वतः लिहिलेल्या मजकुरात आपण जे अभिप्रेत आहे तेच वाचतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

ज्या फार्मसींच्या संहिता यापूर्वीच तयार आहेत त्यांनी सर्व काही मोडून नव्याने लिहिण्याची आवश्यकता नाही. प्रथम विषद्रव्यांची शोधने, त्यानंतर भस्मे व रसकल्प, आणि शेवटी चूर्णे, क्वाथ व तेले अशा क्रमाने संदर्भनामे देत जावे. पहिल्या टप्प्यात फार तर वीस-पंचवीस नामे निघतील; ती येत्या तिमाहीत पूर्ण होण्यास हरकत नसावी. ज्या वैद्यांकडे स्वतःची छोटी औषधशाळा आहे त्यांनीही आपल्या पाठांच्या वहीत क्रमांकाशेजारी नाव लिहिण्यापासून आरंभ करावा. ज्या सदस्यांनी आपल्या फार्मसीत प्रकारांची यादी व लेखनपद्धती निश्चित केली असेल त्यांनी ती या पत्रिकेकडे पाठवावी, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी एक समान यादी सिद्ध करता येईल.